मोटार बंद, पण स्क्रीनवर ‘चालू’: वेबसॉकेट बदलण्याआधी हे तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर), रिलेमार्फत (सिग्नलवर चालणारा स्विच) पाण्याची मोटार, टाकीवर पातळी मोजणारा अल्ट्रासोनिक सेन्सर, मध्ये नोडमध्ये (सर्व्हरवर चालणारं जावास्क्रिप्ट) लिहिलेला सर्व्हर, त्याच्यापुढे एनजिनएक्स (जोडण्या घेऊन मागच्या सर्व्हरकडे देणारा प्रॉक्सी) आणि मोबाइलवर एक वेबपेज. आधी पेज दर २ सेकंदांनी सर्व्हरला विचारत होतं, आता तुम्ही वेबसॉकेटवर, म्हणजे दोन्ही बाजूंनी मेसेज नेणाऱ्या कायम उघड्या जोडणीवर, आलात. तक्रारी तीन आहेत. पेज नुसतं उघडं ठेवलं की साधारण मिनिटभरात कनेक्शन १००६ कोड देऊन तुटतं. बोर्डाचं वायफाय गेलं तरी पेजवर मोटार दहा-पंधरा मिनिटं ‘चालू’ दिसत राहते. आणि वीज जाऊन आली तेव्हा एकदा मोटार आपोआप सुरू झाली. म्हणून ‘वेबसॉकेट सोडून एमक्यूटीटी (उपकरणांच्या निरोपांचा हलका प्रोटोकॉल) घेऊ का’ असं विचारलंत.

घ्यायला हरकत नाही. पण या तीन तक्रारींपैकी निव्वळ कनेक्शनची अशी पहिलीच आहे. बाकीच्या दोन तक्रारी प्रोटोकॉल बदलून जाणार नाहीत, नव्या प्रोटोकॉलमध्येही तुमच्या मागे येतील. मूळ अडचण ही की मोटार खरोखर चालू आहे की बंद, हे ठरवणारं तुमच्याकडे कुणी एक नाही. बटण दाबल्याबरोबर ब्राउझर स्वतःच ‘चालू’ लिहितो. सर्व्हर त्याच्या व्हेरिएबलमध्ये ‘चालू’ लिहितो. बोर्डापर्यंत निरोप पोचलाच, तर तोही रिले ओढतो. एकाच मोटारीबद्दल तीन जणांच्या तीन समजुती, आणि मधला एखादा धागा तुटला की त्या एकमेकांशी जुळत नाहीत.

आधी १००६ संपवू, कारण तो पाच मिनिटांचा मामला आहे.

१००६ हा कोड कुणी पाठवत नाही. समोरून रीतसर ‘क्लोज’ फ्रेम (वेबसॉकेटचा निरोपाचा तुकडा) न येता कनेक्शन गेलं, की ब्राउझर तो स्वतःच लावतो. त्यामुळे ‘सर्व्हर १००६ का पाठवतोय’ याचा शोध घेण्यात अर्थ नाही. मिनिटभराचा आकडा मात्र बोलका आहे. एनजिनएक्समध्ये प्रॉक्सीच्या मागच्या सर्व्हरकडून ६० सेकंद एकही बाइट आला नाही, तर ते कनेक्शन बंद केलं जातं. ही त्याची डीफॉल्ट वेळ आहे. टाकीची पातळी बदलत नसली की तुमचा सर्व्हर काहीच पाठवत नाही, आणि साठ सेकंद भरले की दार लागतं.

ही मुदत वाढवून एक तास केली तर तक्रार दिसेनाशी होईल, पण दुसरी तक्रार त्याने आणखी बिघडेल. त्यापेक्षा सर्व्हरने दर २५ सेकंदांनी वेबसॉकेटची ‘पिंग’ फ्रेम पाठवावी. ब्राउझर तिला ‘पाँग’ने आपोआप उत्तर देतो, पेजमध्ये त्यासाठी एक ओळही लिहावी लागत नाही. उलट दिशेने मात्र ते जमत नाही: ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला पिंग फ्रेम पाठवण्याची सोयच दिलेली नाही. पेजलाही सर्व्हर जिवंत आहे का हे कळायला हवं असेल, तर सर्व्हरने पिंगसोबत एक साधा छोटा मेसेजही पाठवावा, आणि पेजने शेवटचा मेसेज कधी आला ती वेळ धरून ठेवावी. ६० सेकंद काहीच आलं नाही, तर पेजने स्वतः कनेक्शन सोडून नवं उघडावं.

सर्व्हरच्या बाजूला एक बारीक चूक नेहमी होते. पिंग पाठवली, पुढच्या फेरीपर्यंत पाँग आला नाही, म्हणून लोक ‘क्लोज’ बोलावतात. क्लोजला समोरच्याच्या उत्तराची वाट पाहावी लागते, आणि समोर तर कुणी नाहीच. नोडच्या वेबसॉकेट लायब्ररीत त्यासाठी ‘टर्मिनेट’ वेगळं दिलं आहे, ते वापरा.

मोबाइलवर आणखी एक गोष्ट. पेज मागे गेलं किंवा फोन लॉक झाला, की ब्राउझर टायमर मंदावतो किंवा पेज गोठवूनच टाकतो. पेज पुन्हा समोर आल्याची घटना ब्राउझर कळवतो. ती पकडा, कनेक्शन तपासा, आणि सगळ्यात आधी पूर्ण स्थिती नव्याने मागवा. मधल्या काळात हुकलेले बदल एकेक करून गोळा करत बसू नका.

आता दुसरी तक्रार. वायफाय गेल्यावर दहा-पंधरा मिनिटं जुनीच स्थिती का दिसते? राउटरची वीज गेली तर बोर्ड ‘मी चाललो’ असं सांगू शकत नाही. सर्व्हरच्या दृष्टीने टीसीपी कनेक्शन, म्हणजे खालच्या थरातली जोडणी, शाबूत असतं. सर्व्हरने काही पाठवलं तर ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) जातं आणि प्रोग्रामला वाटतं, पोचलं. लिनक्स मग तोच मजकूर पुन्हापुन्हा पाठवून पाहतो. नेहमीच्या सेटिंगला हे प्रयत्न सोडून द्यायला ९२५ सेकंदांच्या आसपास लागतात, म्हणजे जवळजवळ साडेपंधरा मिनिटं. तुमच्या दहा-पंधरा मिनिटांचा हिशेब इथे लागतो. आणि सर्व्हरने काहीच पाठवलं नाही, तर टीसीपीची स्वतःची तपासणी प्रोग्रामने मागितलेली असली तरी ती सुरू व्हायलाच डीफॉल्ट २ तास लागतात.

म्हणून जिवंतपणाची खूण बोर्डाकडून यायला हवी, ठरलेल्या वेळाने, काही बदललं नसलं तरी. मी साधारण १५ सेकंदांचा ठेका धरतो आणि तीन ठेके चुकले की ‘संपर्क नाही’ समजतो. तुम्हाला ४५ सेकंद जास्त वाटत असतील तर ५ सेकंदांचा ठेका ठेवा. मात्र बोर्ड बॅटरीवर असेल तर हेच गणित उलटं फिरेल, कारण प्रत्येक वेळी रेडिओ जागवावा लागतो. तुमचा बोर्ड मोटारीशेजारी विजेवरच आहे, तेव्हा ती चिंता नाही.

पेजवर ‘चालू’ आणि ‘बंद’ या दोनच अवस्था ठेवल्या तर खोटं बोलावंच लागतं. निदान चार हव्यात: बंद, चालू होत आहे, चालू, आणि ‘संपर्क नाही, शेवटची माहिती १०:४२ ची’. या चौथ्या अवस्थेत बटण दाबता येऊ नये आणि रंग करडा असावा. चालू-बंदचा हिरवा-लाल रंग तिथे ठेवला तर माणूस शब्द वाचत नाही, रंगच पाहतो.

बटण दाबल्यापासून पुढे काय व्हावं, हे सावकाश पाहू. ही साखळी नीट बसली की निम्मं काम झालं.

पेजने ‘चालू होत आहे’ दाखवायचं आणि सर्व्हरला निरोप पाठवायचा. निरोपात तीन गोष्टी असाव्यात: आज्ञेचा क्रमांक, समजा ४१८, हवी ती स्थिती, म्हणजे ‘चालू’, आणि मुदत, म्हणजे ही आज्ञा किती वाजून किती सेकंदांपर्यंत ग्राह्य. मुदत १० सेकंदांची पुरते. ‘उलट कर’ अशी टॉगल आज्ञा कधीही पाठवू नका. निरोप दोनदा पोचला तर मोटार चालू होऊन लगेच बंद होईल. ‘चालू कर’ मात्र दहादा पोचलं तरी परिणाम एकच.

बोर्ड आधी मुदत पाहतो. संपली असेल तर आज्ञा नाकारतो आणि कारण कळवतो. मग क्रमांक पाहतो. ४१८ आधीच हाताळला असेल तर रिलेला हात न लावता सध्याची स्थिती पुन्हा पाठवतो. नवीन असेल तर रिले ओढतो, पाऊण-एक सेकंद थांबतो आणि मोटारीचा करंट मोजतो. हे थांबणं महत्त्वाचं आहे. इंडक्शन मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते, तेव्हा पहिल्या क्षणाचं माप घेऊन काही कळत नाही. करंट अपेक्षित पट्ट्यात असेल तरच बोर्ड कळवतो: ‘चालू, ४१८ पूर्ण’. पेज हा निरोप आल्यावरच ‘चालू’ दाखवतं. ५ सेकंदांत उत्तर आलं नाही तर ‘उत्तर आलं नाही’ असं लिहायचं, ‘बंद’ असं नाही. कदाचित मोटार चालू झालेली असेल आणि परतीचा निरोपच अडकला असेल.

करंट मोजण्याचा आग्रह का? बोर्डाला फक्त स्वतःची पिन माहीत असते. ओव्हरलोड ट्रिप झाला असेल, वायर निघाली असेल, तर रिले ओढलेला असूनही मोटार बंदच. एससीटी-०१३ जातीचा क्लिपसारखा करंट सेन्सर वायर न कापता बसतो. आतच बर्डन रेझिस्टर (करंटचं व्होल्टेजमध्ये रूपांतर करणारा) असलेला प्रकार घ्या. त्यातला ३० अँपिअरचा पूर्ण करंटला १ व्होल्ट देतो. क्लिप एकाच वायरभोवती लावायची. फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्यात घेतलंत तर दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडतात आणि माप शून्य येतं. त्याचा आउटपुट एसी असतो, म्हणजे तो शून्याखालीही जातो. म्हणून १० किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून ३.३ व्होल्टचा मध्य, म्हणजे १.६५ व्होल्ट, हा त्याचा पाया करा. आणि पिन ३२ ते ३९ यांतलीच घ्या. ईएसपी३२चा दुसरा एडीसी (व्होल्टेज मोजणारा भाग), ज्यात या पिना नाहीत, वायफाय चालू असताना वापरता येत नाही. कोड बरोबर असूनही रीडिंग येत नाही तेव्हा बहुधा हेच कारण निघतं.

तिसरी तक्रार, वीज येताच मोटार सुरू होण्याची. मला ही सगळ्यात गंभीर वाटते. तिची दोन वेगवेगळी कारणं असू शकतात आणि दोन्ही तपासायला हवीत.

पहिलं कारण हार्डवेअरचं. बाजारातले बरेच रिले मॉड्यूल लो सिग्नलवर ओढतात. बोर्ड सुरू होताना पिन काही क्षण अधांतरी असते, आणि कोडमध्ये पिन ‘आउटपुट’ केल्याबरोबर ती शून्यावर जाते. मग तुमची पुढची ओळ तिला वर उचलते, पण तोवर रिले टकटकून गेलेला असतो. उपाय असा: पिनला १० किलोओहमचा बाहेरचा पुल-अप (पिन हायवर धरणारा रेझिस्टर) लावा, आणि कोडमध्ये आधी पातळी ‘हाय’ लिहा, मगच पिन आउटपुट करा. ०, २, ५, १२ आणि १५ या पिना रिलेसाठी वापरूच नका. बोर्ड सुरू होताना त्या वाचून कसं चालू व्हायचं ते ठरवतो. त्यातही १२ क्रमांकाची पिन सुरुवातीला हाय राहिली तर फ्लॅश मेमरीचा व्होल्टेज चुकीचा निवडला जाऊन बोर्ड बूटच होत नाही.

याच मॉड्यूलमध्ये आणखी एक अडचण आहे. त्याला ५ व्होल्ट दिले आणि सिग्नल ३.३ व्होल्टचा असला, तर ‘हाय’ असतानाही आतल्या ऑप्टोकपलरवर (सिग्नल प्रकाशाने पलीकडे नेणारा भाग) १.७ व्होल्टचा फरक उरतो. काही मॉड्यूलमध्ये तेवढ्यावर रिले सुटतच नाही किंवा अर्धवट वागतो. जेडी-व्हीसीसी नावाचा जंपर असलेलं मॉड्यूल असेल तर तो जंपर काढा, व्हीसीसीला ३.३ आणि जेडी-व्हीसीसीला ५ व्होल्ट द्या.

दुसरं कारण सॉफ्टवेअरचं, आणि तुमच्या वर्णनावरून मला तेच जास्त शक्य वाटतं. बोर्ड पुन्हा जोडला गेला की तुमचा सर्व्हर त्याला ‘शेवटची स्थिती’ पाठवतो. सर्व्हरच्या समजुतीप्रमाणे ती ‘चालू’ होती. बोर्डाने ती आज्ञा समजून पाळली. सर्व्हरने प्रामाणिकपणे चूक केली! जोडणी झाल्यावर पहिला निरोप बोर्डाने सर्व्हरला द्यायचा असतो: ‘मी आत्ताच उठलो, मोटार बंद आहे.’ सर्व्हरने आपली नोंद त्याप्रमाणे बदलायची. दिव्यासाठी ‘वीज गेली तेव्हा होता तसा परत कर’ हे धोरण चालेल. मोटार, हीटर, फाटक यांसाठी वीज आल्यावर नेहमी बंद, आणि चालू करायला माणसाची किंवा वेळापत्रकाची ताजी आज्ञा.

मुदत तपासायला बोर्डाला घड्याळ लागतं. ईएसपी३२ उठतो तेव्हा त्याच्या लेखी साल १९७० असतं. एनटीपीवरून (इंटरनेटवरून वेळ देणारी सेवा) वेळ मिळायला काही सेकंद जातात. तोवर ‘चालू’च्या आज्ञा नाकाराव्यात, ‘बंद’च्या मात्र नेहमी पाळाव्यात. हा भेद कोडमध्ये ठळक ठेवा.

एवढं झाल्यावर तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो: वेबसॉकेट, एमक्यूटीटी की आणखी काही?

दर २ सेकंदांच्या विचारणेत तुम्ही म्हणता तितकं वाईट काही नव्हतं. एक डिव्हाइस दिवसाला ४३,२०० वेळा विचारतं. एकच बोर्ड असेल तर कुठलाही सर्व्हर हे हसत पेलेल. पण ५०० बोर्ड झाले की सेकंदाला २५० विनंत्या, आणि त्यातल्या बहुतेकांचं उत्तर ‘काही बदल नाही’. प्रत्येकीसोबत हेडरचे काहीशे बाइट. वेबसॉकेटमध्ये एकदा जोडणी झाली की सर्व्हरकडून येणाऱ्या छोट्या मेसेजवर फक्त २ बाइटचा फ्रेम हेडर चढतो आणि ब्राउझरकडून जाणाऱ्यावर ६ बाइटचा, कारण त्यात ४ बाइटचा मास्क असतो. फायदा खरा आहे, पण तो संख्येवर अवलंबून आहे. पाच मिनिटांतून एकदा तापमान कळवणाऱ्या सेन्सरला साधी एचटीटीपी विनंतीच बरी. त्याच्यासाठी कायमची जोडणी जपत बसू नये.

एमक्यूटीटी १९९९ साली अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि अर्लेन निपर यांनी तयार केलं, तेही तेलाच्या पाइपलाइनवरची यंत्रं उपग्रहाच्या महागड्या, तुटक जोडणीवरून पाहता यावीत म्हणून. तुटणं गृहीत धरूनच त्याची रचना झाली आहे. तुमच्या कामाच्या त्यातल्या दोन गोष्टी आहेत. एक ‘लास्ट विल’: जोडताना बोर्ड ब्रोकरला (टॉपिक नावाच्या कप्प्यांतून निरोप वाटणारा मधला सर्व्हर) सांगून ठेवतो, ‘मी न सांगता गेलो तर या टॉपिकवर “नाही” असं लिही.’ बोर्डाकडून कीप-अलाइव्हच्या (दोन निरोपांमधलं ठरलेलं कमाल अंतर) दीडपट वेळ काही आलं नाही की ब्रोकर ते लिहितो. १५ सेकंदांच्या कीप-अलाइव्हला साडेबावीस सेकंदांत बातमी कळते. दुसरी ‘रिटेन’: ब्रोकर टॉपिकवरचा शेवटचा मेसेज धरून ठेवतो आणि नव्याने आलेल्याला लगेच देतो, म्हणजे पेज उघडताच स्थिती दिसते.

ह्याच दोन गोष्टी नीट समजल्या नाहीत तर घात करतात. रिटेन फक्त स्थितीच्या टॉपिकवर, आज्ञेच्या टॉपिकवर कधीही नाही. आज्ञा रिटेन केलीत तर बोर्ड प्रत्येक वेळी जोडला जाताना तीच जुनी ‘चालू’ त्याच्या हातात पडेल, आणि तुमची तिसरी तक्रार नव्या कपड्यांत हजर. लास्ट विलचा मेसेज मात्र रिटेनच असावा, आणि जोडणी झाल्याबरोबर बोर्डाने त्याच टॉपिकवर ‘आहे’ असं रिटेन करून लिहावं. बोर्ड मुद्दाम रीस्टार्ट करताना रीतसर डिस्कनेक्ट केलंत तर विल प्रसिद्ध होत नाही, तेव्हा आधी स्वतः ‘नाही’ लिहून मग निघा.

क्यूओएस १ (मेसेज किमान एकदा पोचवण्याची पातळी) म्हणजे ‘बोर्डाला मिळालं’ अशी पावती, हा गैरसमज फार पसरलेला आहे. पाठवणाऱ्याला मिळणारी पावती ब्रोकरची असते. बोर्डाला मिळालं की नाही आणि त्याने काही केलं की नाही, हे फक्त बोर्डाच्या स्वतःच्या उत्तरातून कळतं. शिवाय क्यूओएस १मध्ये मेसेज दोनदा येऊ शकतो, म्हणून वर सांगितलेला आज्ञा क्रमांक इथेही लागतोच.

आर्डुइनोची पबसबक्लायंट ही एमक्यूटीटी लायब्ररी घेणार असाल तर तिच्या मर्यादा आधी माहीत हव्यात. ती फक्त क्यूओएस ०ने, म्हणजे पावतीशिवाय, पब्लिश करते. तिचा बफर डीफॉल्ट २५६ बाइटचा असतो, आणि त्यात टॉपिकचं नाव आणि हेडरही मोजले जातात. त्याहून मोठा मेसेज आला तर एरर येत नाही, तो गुपचूप टाकला जातो. ‘छोट्या मेसेजला चालतं, मोठ्याला कॉलबॅकच येत नाही’ असं दिसलं की बफर वाढवा. दोन बोर्डांवर एकच क्लायंट आयडी असलेला कोड चढवला तर ब्रोकर नव्याला घेताना जुन्याला बाहेर काढतो, जुना परत येतो, नवा बाहेर जातो, आणि हे अखंड चालू राहतं. लॉगमध्ये दर काही सेकंदांनी जोडणी-तुटणी दिसली तर आधी हे पाहा. आयडीत चिपचा मॅक पत्ता घातला की प्रश्न मिटतो. मॉस्किटो ब्रोकर २.० किंवा पुढचा असेल आणि कॉन्फिगरेशन न लिहिता चालवला, तर तो फक्त त्याच मशिनवरून जोडणी घेतो. बोर्ड जोडला जात नाही म्हणून फायरवॉल उचकण्याआधी लिसनर (जोडणी कुठे घ्यायची ते सांगणारी ओळ) आणि पासवर्ड फाइल लिहा.

माझं मत विचाराल तर बोर्ड ते सर्व्हर एमक्यूटीटी, आणि सर्व्हर ते पेज वेबसॉकेट किंवा त्याहून साधं एसएसई (सर्व्हरकडून ब्राउझरकडे एकाच दिशेने मेसेज). ब्राउझरही वेबसॉकेटवरून थेट ब्रोकरला जोडता येतो, पण मग ब्रोकरचा पासवर्ड पेजच्या जावास्क्रिप्टमध्ये जातो, आणि तो कुणीही वाचू शकतो. मध्ये सर्व्हर असला की कोणी कोणती आज्ञा द्यायची ते तिथे ठरवता येतं. तुमच्या पेजला बहुतेक वेळ फक्त ऐकायचंच आहे, त्याला एसएसई पुरेल: ब्राउझर तुटल्यावर स्वतः जोडतो, आणि सर्व्हर प्रत्येक मेसेजला क्रमांक देत असेल तर शेवटचा क्रमांक परत जोडताना कळवतो. बटणाची आज्ञा साध्या पोस्ट विनंतीने जाईल. एसएसईसाठी एनजिनएक्सचं बफरिंग बंद करायला विसरू नका, नाहीतर मेसेज साचून एकदम येतील. आणि एचटीटीपी १.१वर एका साइटला ब्राउझर ६च जोडण्या देतो. सात टॅब उघडले की सातवा नुसता फिरत बसतो. एचटीटीपी २ चालू केलं की ही अडचण राहत नाही.

पेज एचटीटीपीएसवर असेल तर वेबसॉकेटही टीएलएसचंच (सांकेतिक जोडणीचं) लागतं, साधं वेबसॉकेट ब्राउझर उघडूच देत नाही. बोर्डाकडूनही टीएलएस वापरा, आणि प्रमाणपत्र खरोखर तपासा. ‘इनसिक्युअर’ सेटिंग टाकून काम भागवलंत तर मजकूर सांकेतिक होतो, पण समोर कोण आहे हे कळत नाही. बोर्डावर सर्व्हरचं प्रमाणपत्र ठेवू नका. लेट्स एन्क्रिप्टचं (प्रमाणपत्रं देणारी संस्था) नेहमीचं प्रमाणपत्र जास्तीत जास्त ९० दिवसांत बदलतं, आणि तुमचे सगळे बोर्ड एकाच दिवशी मुके होतील. मूळ प्रमाणपत्र, म्हणजे रूट, ठेवा. तेही कायमचं नसतं: ३० सप्टेंबर २०२१ रोजी डीएसटी रूट सीए एक्स३ची मुदत संपली तेव्हा जुनी न बदललेली अनेक उपकरणं अडकली होती. म्हणून वायरशिवाय फर्मवेअर बदलण्याची सोय पहिल्याच आवृत्तीत हवी. इथेही १९७० आडवं येतं: घड्याळ लावल्याशिवाय प्रमाणपत्र ‘अजून लागूच झालेलं नाही’ असं ठरतं. मेमरीचंही पाहा. एका टीएलएस जोडणीला ईएसपी३२वर ४० केबीच्या आसपास लागतात. मोकळी मेमरी किती हे पाहून भागत नाही, सगळ्यात मोठा सलग तुकडा किती आहे ते लॉग करा. काही दिवस चालून मग जोडणी नाकारणारे बोर्ड बहुधा तुकडे पडलेल्या मेमरीचे बळी असतात.

पुन्हा जोडताना घाई नको. १, २, ४, ८ असं दुप्पट करत ६० सेकंदांपर्यंत थांबा, आणि प्रत्येक वेळी थोडा यादृच्छिक फरक मिसळा. तो नसेल तर ब्रोकर रीस्टार्ट झाल्यावर सगळे बोर्ड एकाच क्षणी दारावर धडकतात, टीएलएसच्या कामाने प्रोसेसर भरतो, सगळे टाइमआउट होतात आणि पुन्हा एकत्रच येतात. लूपमध्ये वेळ मोजताना ‘आत्ता वजा तेव्हा’ अशीच वजाबाकी ठेवा, ‘आत्ता मोठा का तेव्हा अधिक मुदत’ अशी तुलना नको. मिलिसेकंदांचा ३२ बिटचा आकडा ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो.

आता मोटारीपुरतं, पण हे टाळू नका. टाकी भरल्यावर मोटार बंद करण्याचा निर्णय सर्व्हरकडे असता कामा नये. तो बोर्डावर असावा, आणि खरं तर बोर्डाच्याही खाली. पबसबक्लायंट जोडणीचा प्रयत्न करते तेव्हा काही सेकंद लूप अडवून धरते. त्याच वेळी टाकी भरली तर कोड पाहतच नाही. वरच्या टाकीत एक फ्लोट स्विच टाका आणि तो काँटॅक्टरच्या (मोटारीची वीज जोडणारा मोठा स्विच) कॉइलच्या सिरीजमध्ये जोडा. बोर्ड हँग झाला, वायफाय गेलं, कोडात चूक झाली, तरी पाणी वर आलं की कॉइल सुटते. फ्लोट कॉइलच्या व्होल्टेजला साजेसा हवा, आणि ही जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. सोबत बोर्डावर दोन नियम: सलग कमाल चालण्याची वेळ, आणि करंट नेहमीपेक्षा बराच कमी पडला की मोटार कोरडी चालतेय असं समजून बंद. किती कमी, हे तुमच्याच मोटारीवर भरल्या पाण्याने मोजून ठरवा. दुसऱ्याचा आकडा चालणार नाही.

सेन्सरबद्दल दोनच गोष्टी. एचसी-एसआर०४चा एको सिग्नल ५ व्होल्टचा असतो, तो १ आणि २ किलोओहमच्या डिव्हायडरमधून ३.३वर आणा. आणि पाच रीडिंगमधलं मधलं घ्या, सरासरी नको. एखादा उडालेला आकडा सरासरीला ओढून नेतो. पातळी एक सेंटिमीटरने बदलली किंवा ठेका आला तरच पाठवा.

हे सगळं बसवल्यावर बिघाड मुद्दाम घडवून पाहा. मोटार चालू असताना राउटरची पिन उपटा आणि घड्याळ लावून बघा, पेज किती सेकंदांत करडं होतं. पेजवर ‘चालू’ दाबा आणि त्याच क्षणी बोर्डाची वीज काढा. दोन मिनिटांनी परत द्या, मोटार बंदच राहायला हवी. ब्रोकर बंद करून दहा मिनिटांनी सुरू करा. तीच आज्ञा त्याच क्रमांकाने दोनदा पाठवा. मोटारीची वायर सोडून ‘चालू’ द्या. पेजवर ‘रिले ओढला, करंट नाही’ असं यायला हवं. यातलं कुठलं अडलं तर त्या वेळचा बोर्डाचा सिरीयल लॉग आणि ब्रोकरचा लॉग, दोन्ही वेळेसकट टाका. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की निरोप कुठल्या टप्प्यावर अडकला ते बहुतेक वेळा लगेच दिसतं.